एसयूव्हीला नवी बॅटरी घेण्याआधी जुनीवरचं लेबल वाचा

सकाळी बटण दाबलं, डॅशबोर्डवरचे दिवे लागले, पण सेल्फ फिरण्याऐवजी नुसता ‘खट्’ असा आवाज आला, की बॅटरी गेली असा निकाल आपण उभ्या उभ्या देऊन टाकतो. बऱ्याचदा तो बरोबरही निघतो. पण नवी बॅटरी बसवून दोन महिने होत नाहीत तोच पुन्हा ‘खट्’ ऐकू आला, तर समजायचं की एकतर दोष बॅटरीत नव्हताच, किंवा जी बसवली ती त्या गाडीसाठी नव्हती. या दोन्ही चुका टाळायला एक साधा मल्टिमीटर आणि जुन्या बॅटरीवरचं लेबल पुरेसं आहे. कुठल्या कंपनीची घ्यायची हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

आधी खात्री करा की बॅटरीच गेली आहे

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी काहीही चालू न करता मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून दोन्ही पोलांना लावा. साधी पाण्याची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ दिसतं, एजीएम (अ‍ॅसिड गाद्यांमध्ये शोषलेली बॅटरी, तिच्याबद्दल पुढे) असेल तर १२.८ च्या आसपास. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ उतरलेलीच. बॅटरीत सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि प्रत्येक सेल २.१ व्होल्टच्या आसपास देतो. म्हणून रात्रभर चार्जरवर ठेवूनही आकडा १०.५ च्या पुढे सरकत नसेल, तर एक सेल शॉर्ट झाला आहे. अशा बॅटरीवर आणखी वेळ घालवू नका.

आकडा ठीक असेल तर दुसरी पायरी. एकाने मीटर बघायचा, दुसऱ्याने सेल्फ मारायचा. हवा फार थंड नसताना सेल्फ फिरतेवेळी व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीत भार पेलण्याची ताकद उरलेली नाही. इंजिन चालू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. नव्या गाड्यांमध्ये मात्र अल्टरनेटर संगणकाच्या सांगण्यावरून चालतो आणि इंधन वाचवायला मधूनमधून चार्जिंग कमी करतो. अशा गाडीत १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा बघा.

आता एक तपासणी जी सहसा कोणी करत नाही, आणि जिच्यात अनेक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या जिवंत निघतात. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या पोलावर, म्हणजे शिशाच्या खुंटीवरच, टेकवा. दुसरी त्याच पोलाला आवळलेल्या क्लँपवर. दोन्हीमध्ये अर्धा सेंटिमीटरसुद्धा अंतर नाही. आता सेल्फ मारायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य राहिला पाहिजे. तिथे ०.२ व्होल्ट किंवा जास्त दिसलं, तर पोल आणि क्लँपमध्ये गंज बसला आहे किंवा क्लँप ढिला आहे. दोन-अडीचशे अँपिअरचा प्रवाह त्या राखाडी पापुद्र्यातून जाताना अडतो, आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो. मायनस पोल ते इंजिनचा धातू असंही एकदा मोजा. तिथे मोठा आकडा आला तर अर्थिंगची पट्टी खराब आहे.

बॅटरी एक-दोन दिवसांत आपोआप उतरत असेल, तर गाडी बंद असताना काहीतरी करंट खात आहे. कुलूप लावून गाडीचे सगळे संगणक झोपी गेल्यावर (याला अर्धा-पाऊण तासही लागतो) ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च चालतो. तेवढाही दिवसाला १.२ अँपिअर-तास (एएच) होतो, म्हणजे ७० एएचची बॅटरी महिन्याभरात निम्म्यावर येते. पार्किंगमध्ये चालू राहणारा डॅशकॅमेरा ३०० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ७.२ एएच गेले, आणि पाच दिवसांत तीच गत. अशा गाडीत कितीही महाग बॅटरी घाला, ती मरणारच.

प्रकार: इथे चुकलात तर पुढचं सगळं व्यर्थ

गाड्यांमध्ये आज प्रामुख्याने तीन प्रकार सापडतात. पहिली साधी पाण्याची, म्हणजे ज्यात पातळ अ‍ॅसिडमध्ये प्लेटा बुडलेल्या असतात. दुसरी ईएफबी. ही तिचीच सुधारलेली बहीण. प्लेटांवरचा मसाला गळून पडू नये म्हणून त्यावर जाळीदार आवरण असतं आणि ती वारंवार चार्ज-डिस्चार्ज होणं जास्त सोसते. तिसरी एजीएम. हिच्यात अ‍ॅसिड मोकळं नसतं, काचेच्या बारीक तंतूंच्या गाद्यांमध्ये शोषलेलं असतं आणि प्लेटा त्या गाद्यांमध्ये घट्ट दाबलेल्या असतात. त्यामुळे मसाला सुटत नाही आणि चार्जही पटकन घेता येतो.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन क्लच किंवा ब्रेकवर पुन्हा चालू होतं (यालाच स्टार्ट-स्टॉप म्हणतात), अशा गाडीत कंपनीने ईएफबी किंवा एजीएमच दिलेली असते. कारण साध्या बॅटरीला दिवसातून चार वेळा सेल्फ मारायचा असतो, हिला चाळीस वेळा. शिवाय इंजिन बंद असताना लाइट, ब्लोअर, संगणक सगळं हिच्याच जिवावर चालतं. तिथे साधी बॅटरी बसवली तर पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. मग स्टार्ट-स्टॉप मुकाट्याने काम करणं सोडतं, आणि थोड्याच काळात बॅटरीच जाते. बदलीच्या कामात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती बहुधा ‘मापात बसते ना, मग झालं’ या वाक्यापासून सुरू होते.

नियम सोपा आहे: वर चढता येतं, खाली उतरता येत नाही. साधीच्या जागी ईएफबी चालते. एजीएमच्या जागी मात्र एजीएमच. ईएफबीच्या जागी एजीएम घालायची असेल तर दोन गोष्टी बघा. बॅटरी इंजिनाला खेटून असेल तर तिथली उष्णता एजीएमला मानवत नाही. म्हणूनच अनेक गाड्यांमध्ये ती डिकीत किंवा सीटखाली असते. आणि गाडीच्या संगणकाला बॅटरीचा प्रकार बदलला हे सांगता येतं का, तेही आधी विचारा. बाहेरून बघून प्रकार ओळखायला जाऊ नका. झाकणं दिसत नाहीत म्हणजे एजीएम, हा समज चुकीचा आहे. साध्या बॅटऱ्याही आता सीलबंद येतात. लेबल वाचा, आणि लेबल निघालं असेल तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. मागच्या मालकाने भलतीच बॅटरी बसवली असण्याची शक्यता असते, त्यामुळे सेकंडहँड गाडीत मॅन्युअलच प्रमाण.

लिथियमचा मोह पुष्कळांना होतो, कारण ती निम्म्याहून हलकी असते. पण शून्य अंशाखाली तिला चार्ज करता येत नाही, बोनेटखालची उष्णता तिला सोसत नाही आणि गाडीची चार्जिंग यंत्रणा शिशाच्या बॅटरीचा स्वभाव धरून बनवलेली असते. घरच्या रोजच्या एसयूव्हीसाठी आमचं मत सरळ ‘नको’ असं आहे. इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत बसवण्याचाही प्रयोग करू नये. तिच्या प्लेटा जाड आणि मोजक्या असतात. ती तासन्‌तास थोडा करंट देते, पण सेल्फला लागणारा धक्का देऊ शकत नाही.

गाडी हायब्रिड असेल तर तिच्यात दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. इथे सांगितलेलं सगळं लहान, १२ व्होल्टच्या बॅटरीबद्दल आहे. नारिंगी केबल जिथे दिसते त्या मोठ्या बॅटरीला हात लावायचा नाही.

लेबलवरचे आकडे नेमकं काय सांगतात

लेबलवर साधारण असं काही लिहिलेलं असतं: १२ व्होल्ट, ७० एएच, ७६० ए ईएन. यातला एएच हा टाकीचा आकार समजा. ७० एएच म्हणजे ३.५ अँपिअरचा प्रवाह २० तास, आणि तोवर व्होल्टेज १०.५ च्या खाली जायचं नाही. दुसरा आकडा नळाच्या जाडीचा, म्हणजे एका दमात किती करंट ओतता येतो त्याचा. त्याला सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर) म्हणतात आणि तो उणे १८ अंशांवर मोजतात.

इथे एक खाच आहे: हा आकडा मोजायच्या प्रमाणित पद्धती वेगवेगळ्या आहेत. एसएई पद्धतीत बॅटरीने ३० सेकंद तो प्रवाह देऊन ७.२ व्होल्टच्या वर राहायचं असतं. ईएन पद्धतीत १० सेकंदांनी ७.५ व्होल्ट बघतात. जुन्या डीआयएन पद्धतीत ३० सेकंदांनी ९ व्होल्ट लागतात, त्यामुळे तिचा आकडा बराच लहान येतो. म्हणजे एकाच बॅटरीवर तीन वेगळे आकडे छापता येतात, आणि तिन्ही खरे असतात. तुलना करताना आकड्यापुढची अक्षरं सारखी आहेत ना हे आधी बघा, नाहीतर कमकुवत बॅटरी दणकट वाटेल.

सेल्फ मारायला प्रत्यक्षात किती खर्च येतो याचा हिशोब मजेशीर आहे. २५० अँपिअर, दोन सेकंद, म्हणजे ५०० अँपिअर-सेकंद. त्याला ३६०० ने भागा: ०.१४ एएच. ७० एएचच्या टाकीतून चमचाभर. म्हणजे गाडी चालू करायला टाकी मोठी असण्यापेक्षा नळ जाड असणं महत्त्वाचं. डिझेल इंजिनात हे आणखी खरं, कारण त्याचं कॉम्प्रेशन पेट्रोलपेक्षा बरंच जास्त असतं आणि थंडीत सेल्फच्या आधी ग्लो प्लग तापवायलाही करंट जातो. त्यामुळे एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीला अनेकदा वेगळी बॅटरी असते. दुकानात नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. इंजिन, वर्ष आणि स्टार्ट-स्टॉप आहे की नाही, हेही सांगा.

टाकीचा आकार लागतो तो गाडी उभी असताना. कुटुंबाच्या गाडीत हे रोजचंच आहे: एक जण खरेदीला उतरतो, बाकीचे इंजिन बंद करून ब्लोअर आणि गाणी लावून बसतात. दोन्ही मिळून १५ अँपिअर धरले, तर अर्ध्या तासात साडेसात एएच गेले. पन्नासहून जास्त वेळा सेल्फ मारण्याइतके. म्हणून काही लेबलांवर तिसरा आकडा असतो, रिझर्व्ह कपॅसिटी. अल्टरनेटर बंद पडला तर २५ अँपिअरचा खर्च बॅटरी किती मिनिटं भागवेल, ते तो सांगतो. रात्री लांबचा प्रवास करणाऱ्यांनी हा आकडा दुर्लक्षू नये.

मूळ आकड्यापेक्षा कमी सीसीए किंवा कमी एएच कधीही घेऊ नका. जास्त घेतलं तर? ‘मोठी बॅटरी अल्टरनेटर भरूच शकत नाही’ असं ठामपणे सांगणारे भेटतात. ते खरं नाही. जेवढं काढलं तेवढंच परत भरायचं असतं, टाकी मोठी असो की लहान. कप्प्यात नीट बसत असेल तर दहा-पंधरा टक्के जास्त क्षमता बिनधास्त घ्या. संगणक बॅटरीवर नजर ठेवणारी गाडी असेल तर नवी क्षमता त्याला कळवावी लागते, एवढंच.

माप, पोल आणि पाय

मापांच्या दोन मोठ्या जाती आहेत. युरोपीय बॅटऱ्या १७५ मिलिमीटर रुंद आणि १९० उंच असतात, फक्त लांबी बदलते: २४२, २७८, ३१५, ३५३. त्यांच्या तळाशी दोन्ही बाजूंना पायासारखी कड असते आणि तिच्यावर पाचर घट्ट करून बॅटरी पकडतात. जपानी बॅटऱ्यांना पाय नसतो. वरून आडवी पट्टी टाकून दोन लांब बोल्टांनी त्या आवळतात. त्यांच्या नावात माप लपलेलं असतं. ८०डी२३एल यातलं ८० हे ताकदीचं मानांकन, ‘डी’ हे रुंदी-उंचीचं, २३ म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर पोल कुठल्या बाजूला आहेत त्याचं. पोल आपल्या जवळच्या कडेला येतील अशी बॅटरी ठेवली की ‘एल’मध्ये मायनस डावीकडे असतो, ‘आर’मध्ये उजवीकडे.

हे एक अक्षर चुकलं की प्लसची केबल पोलापर्यंत पोचत नाही. मग कोणीतरी बॅटरी उलटी फिरवतं किंवा केबल ताणतं. ताणलेली केबल बोनेटच्या धातूला घासते आणि आवरण फाटलं की थेट शॉर्ट. प्लसचा पोल मायनसपेक्षा मुद्दाम जाड केलेला असतो, वर १९.५ मिलिमीटर, मायनस १७.९. काही लहान जपानी बॅटऱ्यांचे पोल १४.७ आणि १३ चे असतात. क्लँप बसत नाही म्हणून हातोडी मारू नका, आणि ढिला बसतो म्हणून पत्र्याची चकती घालू नका. दोन्हीचा अर्थ एकच: बॅटरी चुकीची आहे.

जपानी धाटणीची बॅटरी पोलांसकट २२५ मिलिमीटरपर्यंत उंच जाते. युरोपीय कप्प्यात ती ठेवली तर लांबी-रुंदीला बसल्यासारखी वाटते, पण बोनेट बंद केल्यावर पोल त्याला टेकू शकतो. शंका असेल तर प्लसच्या प्लास्टिक टोपीवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा ठेवा, बोनेट हलक्या हाताने बंद करून उघडा आणि गोळा किती चपटा झाला ते बघा. बोटभर जाडी उरली नसेल तर ती बॅटरी नको.

पकड ढिली राहिली तर खराब रस्त्यावर प्लेटांवरचा मसाला गळून तळाशी साचतो आणि सेल शॉर्ट होतो. नवी बॅटरी हाताने जोर लावून हलवल्यावर जराही हलता कामा नये.

बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असेल तर तिच्या कडेला एक बारीक भोक असतं. त्यातून गॅस नळीवाटे गाडीबाहेर जातो. हा गॅस हायड्रोजन असतो, ठिणगीने पेटणारा. काही बॅटऱ्यांना दोन्ही टोकांना भोक असतं आणि एकाला बूच लावलेलं येतं. गाडीची नळी ज्या बाजूला आहे तिथे ती बसवायची, बूच दुसऱ्या बाजूला. जुन्या बॅटरीबरोबर नळीचा कोपरा फेकला जातो, हे इतकं सर्रास घडतं की तो आधीच काढून खिशात ठेवावा.

विकत घेताना

बॅटरी कपाटात पडल्या पडल्याही उतरते, महिन्याला काही टक्के. बरेच महिने तशीच राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि मग चार्ज करूनही ती पूर्ण क्षमतेला येत नाही. म्हणून बनवल्याची तारीख विचारा. सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. मीटर सोबत न्या. १२.५ च्या खाली असेल तर परत ठेवा. बसवण्याआधी एक रात्र चार्जरवर ठेवली तर उत्तम. चार्जरचा करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका असावा, ७० एएचला ७ अँपिअर, आणि एजीएमसाठी चार्जरवर एजीएमची सेटिंग असलीच पाहिजे.

वजनाचाही एक उपयोग आहे. सारख्याच क्षमतेच्या, सारख्याच प्रकारच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक दोन-तीन किलो हलकी असेल, तर तिच्यात शिसं कमी आहे. छापलेल्या आकड्यापेक्षा वजनकाट्यावर जास्त विश्वास ठेवा.

बसवताना

इग्निशन बंद करा, स्मार्ट किल्ली गाडीपासून लांब ठेवा आणि गाडी झोपेपर्यंत अर्धा तास थांबा. एक काच थोडी उघडी ठेवा. बॅटरी डिकीत असेल तर डिकी उघडीच ठेवा, किंवा तिचं लॉक हाताने कसं उघडायचं ते आधी शोधा. करंट तोडल्यावर डिकी बंद झाली तर बॅटरी आत आणि पान्हा तुमच्या हातात, अशी अवस्था होते.

आधी मायनस काढायचा, मग प्लस. लावताना उलट: आधी प्लस, शेवटी मायनस. यामागचं कारण साधं आहे. गाडीचं सगळं धातूचं शरीर मायनसला जोडलेलं असतं. मायनस लावलेला असताना प्लस सोडवायला गेलात आणि पान्हा बाजूच्या पत्र्याला टेकला, तर शेकडो अँपिअर त्या पान्ह्यातून जातात. मायनस आधीच सुटला असेल तर पान्हा टेकला तरी काहीच होत नाही. बहुतेक क्लँपना १० चा पान्हा लागतो. अंगठी आणि कडं काढून ठेवा. बॅटरी पंधरा ते पंचवीस किलोची असते, कमरेत वाकून उचलू नका.

क्लँपवर पांढरा-निळसर भुगा असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा आणि कोरडं करा. क्लँप पोलावर पूर्ण खाली दाबून मग आवळा, पण बेताने. शिसं मऊ असतं, ५ ते ६ न्यूटन-मीटर पुरतात. पेट्रोलियम जेली लावायची असेल तर आवळून झाल्यावर, बाहेरून.

मायनसच्या क्लँपवर काडेपेटीएवढी डबी आणि त्याला बारीक वायर दिसली तर तो बॅटरीचा सेन्सर. आत-बाहेर जाणारा करंट तो मोजत असतो. त्याला धरून क्लँप पिळू किंवा उपटू नका. डॅशकॅमेरा किंवा अ‍ॅम्प्लिफायरची अर्थिंग थेट मायनस पोलावर न जोडता गाडीच्या बॉडीला जोडा. पोलावर जोडली तर तो खर्च सेन्सरला दिसतच नाही, त्याचा हिशोब चुकतो आणि बॅटरी सतत अर्धवट भरलेली राहते.

सेन्सर असलेल्या अनेक गाड्यांमध्ये नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते: प्रकार, क्षमता आणि आता नवी बसवली आहे ही खूण. नोंद केली नाही तर संगणक थकलेल्या बॅटरीच्या हिशोबानेच चार्ज करत राहतो आणि नवीला अकाली म्हातारी करतो.

करंट तुटल्यामुळे घड्याळ पुसलं जातं आणि काचा एका दाबात वर जायचं विसरतात. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच दाबून ठेवलं की बहुतेक गाड्यांत ते परत येतं. स्टीअरिंगचा किंवा घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा दिवा लागला तर स्टीअरिंग एकदा दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि थोडं अंतर सरळ चालवा. स्टार्ट-स्टॉप मात्र त्याच दिवशी सुरू झालं नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. सेन्सरला नव्या बॅटरीची ओळख पटायला गाडी काही तास कुलूपबंद शांत उभी राहावी लागते. रोज चालवूनही आठवड्याभरात ते आलं नाही, तर नोंद राहून गेली आहे का ते आधी तपासा.